सरळ पाटानं

आमच्या साडूंइतका लांबचा माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात सापडायचा नाही. तसं नात्यानं पाहिलं तर त्यांच्याइतकं जवळचं मला दुसरं कोणी नाही. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, एकाच महाळुंगे पडवळच्या घरातल्या. पण हे गृहस्थ कुठंही जवळच्या रस्त्यानं पोचले आहेत, असं माझ्या लग्नापासून मी कधी पाहिलेलं नाही. त्यांचं गाव राजुरी. राजुरीहून आळेफाट्याला येऊन एसटी बदलली, कळंबला उतरलं, तर माणूस दुपारच्या जेवणाला सासुरवाडीत हजर होतो. साडू पहाटे सायकलवर टांग मारायचे आणि दिवेलागणीला उगवायचे. अंगणात सायकल स्टँडवर लावायचे, लेंग्याच्या उजव्या पायाची क्लिप काढून खिशात टाकायचे आणि दुपारपासून त्यांची वाट बघत ताटकळलेल्या माझ्याकडे वळून म्हणायचे, "सरळ पाटानं आलो, पावणं. तुमी कुठनं आलात? हायवेनं? अरारारा!" त्या 'अरारारा'त इतकी कीव भरलेली असायची की हायवेनं येऊन आपण घराण्याला बट्टा लावला असं वाटावं.

आता या 'सरळ' शब्दाबद्दल मला जरा बोललंच पाहिजे, कारण त्या एका शब्दानं मला जेवढा ताप दिला तेवढा शाळेतल्या पोरांनीही दिला नसेल. मी मंचरच्या शाळेत चित्रकला शिकवतो. सरळ रेषेवर माझं पोट चालतं. माझ्या पहिल्या दिवाळसणाला, नव्वदीच्या सुरुवातीला, भाऊबीज झाल्यावर साडू म्हणाले, "चला राजुरीला. सरळ रस्ता हाय, गप्पा मारत जाऊ." नवा जावई, नाही कसं म्हणणार? मेव्हण्याची सायकल काढली आणि निघालो. धरणाच्या पाटाच्या कडेचा मुरमाचा रस्ता, एका अंगाला झुळझुळतं पाणी, दुसऱ्या अंगाला खाली उसाचे आणि कांद्याचे वाफे. सुरुवातीला बरं वाटलं, खोटं का बोलू? पण एका देवळाचा कळस डाव्या हाताला दिसत होता, तो घटकाभरानं उजव्या हाताला आला, मग पाठीमागं गेला आणि थोड्या वेळानं चक्क पुन्हा समोर येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "साडूभाऊ, आपण फिरून फिरून तिथंच आलो की! याला काय सरळ म्हणायचं?" त्यांनी ब्रेक लावला, खाली उतरले आणि सायकल स्टँडवर लावून भांडायला उभे राहिले. म्हणाले, "पायाला कुठं चढ लागला का?" म्हटलं, नाही. "उतार लागला का?" नाही. "मग वाकडा कुठनं झाला? डोळ्याला वाकडा दिसतोय राव त्यो. सायकल डोळ्यानं मारता का पायानं?"

म्हणजे भानगड अशी होती. पाटाचं पाणी चढ चढत नाही, त्यामुळं टेकडी आडवी आली की पाट तिला वळसा घालतो, ओढा आला की त्याच्या कडेकडेनं पार आत शिरून बाहेर येतो, पण आपली पातळी सोडत नाही. ज्याला चढ नाही तो सरळ, हा साडूंचा शब्दकोश. आणि हायवे? पट्टीनं आखल्यासारखा हायवे त्यांच्या लेखी महावाकडा, कारण तो टेकडीवर चढतो आणि पलीकडं धाडकन उतरतो. "रस्त्याला काय लाजबीज?" असं ते विचारायचे. त्या दिवशी मी राजुरीत पोचलो तेव्हा सासुरवाडीनं दिलेला नवा सफारी खोगिरासारखा घामेजला होता आणि नंतर दोन दिवस मी उभ्यानंच जेवत होतो. सरळ रस्ता!

हायवेवर तर त्यांचा असा दात होता की जणू तो त्यांचा वाटणीत फसवलेला भाऊबंदच. हायवेच्या डांबराला आपल्या सायकलीचं चाक आजवर लागलेलं नाही, असं ते छातीवर हात मारून सांगायचे, आणि रागानं का होईना, ते खरं होतं हे मला कबूल करावं लागतं. राजुरी हायवेच्या उगवतीला, महाळुंगे मावळतीला. म्हणजे कधी ना कधी तो ओलांडायलाच हवा. तर या माणसानं एका ओढ्यावरची मोरी हेरून ठेवली होती. वरून कांद्याबटाट्याचे ट्रक हॉर्न बोंबलत धडाडत चालले आहेत आणि खालून हे सायकल खांद्यावर घेऊन, टोपी सांभाळत, वाकून पलीकडं जात आहेत! मंचरात तशी मोरी नव्हती आणि आमचं घर नेमकं हायवेच्या पल्याड. मग नदीच्या काठाकाठानं, बांधाबांधानं ते मंचरपर्यंत यायचे, रस्त्याच्या अलीकडं चहाच्या टपरीपाशी थांबायचे आणि कुणातरी हाती निरोप धाडायचे, "पावण्यांना म्हणावं, साडू आल्यात." मी शाळेतून दमून आलेला, हातात चहाची किटली आणि दोन कप घेऊन ट्रक चुकवत रस्ता ओलांडायचो. साडूला हायवेपलीकडं चहा नेऊन पाजणारा मेहुणेमंडळातला मी एकटाच असेन. वर चहाचा घोट घेऊन हे मलाच म्हणायचे, "असल्या रस्त्याच्या पलीकडं घर बांधतं का कोण, पावणं?"

पाटावर मात्र हा माणूस राजा. राजा म्हणजे तरी काय, बिनपगारी फौजदार. पाटाला पाणी सुटलं की ते किती सुटलं, पाटातून फुटणाऱ्या कुठल्या चारीला किती गेलं, कोणाच्या चारीचं दार उघडं राहिलं, हे सगळं ते सायकलीवरून उतरून बघणार. कोणी चोरून पाटात पाइप सोडलेला दिसला की तिथं उभं राहून मोठमोठ्यानं घंटी वाजवणार. पाइपवाला उसातून बाहेर येऊन शिव्या द्यायचा. हे त्याला वरचढ शिव्या द्यायचे. मग ओळख निघायची, कारण जुन्नर आणि आंबेगावात ज्याची सोयरीक निघत नाही असा माणूस नाही. मग दोघं बाभळीखाली बसून भाकरी खायचे. बरोबरच्या माणसानं काय करायचं? मी एकदा अशा प्रसंगी चांगला तासभर मुंग्या बघत बसलो होतो. उठताना पाइपवाल्याला हे म्हणाले, "पाइप काढ बरं का. खाली लोकं पाण्यासाठी बसल्यात." तो म्हणाला, "काढतो, दादा." आम्ही वळणाआड गेलो आणि पाइप पुन्हा पाण्यात पडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. साडूंनीही ऐकला. पुढच्या दोन टेकड्यांना वळसा पडेपर्यंत ते मला त्या माणसाच्या सात पिढ्या सांगत होते.

या सरळपणाचा कळस झाला तो आमच्या मेव्हण्याच्या लग्नात. लग्न महाळुंग्यात, आचारी राजुरीचा, कारण त्याच्या हातची बुंदी साडूंना पसंत. आचाऱ्यानं टेम्पोत पातेली भरली आणि साडूंना रस्ता विचारला. मी विचारतो, साऱ्या राजुरीत रस्ता विचारायला त्याला दुसरा माणूस मिळाला नाही? साडू म्हणाले, "सरळ पाट धर. पाट सोडू नकोस." बिचारा टेम्पोवाला अक्षरशः पाट धरून निघाला. प्रत्येक टेकडीला वळसा, प्रत्येक ओढ्यात आत-बाहेर. शेवटी अशी जागा आली की पाट ओढ्यावरून पुलासारखा गेलेला आणि कडेला जेमतेम हातभर रुंदीची भिंत. साडू तिथं सायकल हातात धरून पलीकडं जायचे. टेम्पो कसा जाणार? वळवायला जागा नाही, तेव्हा तो जसा आला तसा उलटा निघाला. इकडं अक्षता पडल्या, वरातीचा घोडा परत गेला, वऱ्हाडी मंडळी पत्रावळी मांडून रित्या पत्रावळींकडं बघत बसली. सासरे दर घटकेला वेशीपर्यंत जाऊन बघून येत होते. आचारी ऊन कलल्यावर पोचला तेव्हा सगळा मांडव साडूंवर तुटून पडला, आणि हे महाशय उलट आचाऱ्यालाच भर मांडवात उभं करून विचारतात, "खरं सांग, वाटंत चढ लागला का?" आचारी दमलेला, धुळीनं माखलेला, पण प्रामाणिक माणूस. म्हणाला, "चढ काय लागला न्हाई, दादा." "झालं तर मग!" असं म्हणून साडू पंगतीला बसले.

हे सगळं मी एकवेळ सोसलं असतं, पण अक्कांचे हाल बघवत नव्हते. अक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. दरवर्षी गावच्या यात्रेला माहेरी यायचं तर तिलाही सरळ पाटानंच यावं लागे. कॅरिअरवर घडी केलेली गोधडी, तीवर अक्का, मांडीवर पिशवी. मोरी आली की उतरायचं आणि नवऱ्यामागून वाकून जायचं. पाटाच्या रस्त्यात खड्डा आला की आदळायचं. दिवसभर! आमच्या हिचा नुसता संताप व्हायचा. "माझी बहीण आहे का बटाट्याचं पोतं?" असं ती मला विचारायची, जणू कॅरिअरवर मीच बसवलंय. अक्काला त्या कॅरिअरवरून एकदाची उतरवायचीच, असा आमच्या घरात जवळपास ठरावच झाला होता. बरं, एवढ्या लांब घेऊन येतो तो नवरा तिच्याशी धड बोलतो तरी का? राजुरीचं घर खटल्याचं. चार भाऊ, चार जावा, पोरंबाळं, आणि ओसरीवर सासूबाई. मोठ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही ही त्या घरची जुनी रीत. मी कितीदा तरी त्या घरी राहिलोय, पण साडू आणि अक्का एकमेकांशी एक शब्द बोललेले मी ऐकले नाहीत. साडू हाताच्या अंतरावर बसलेले असत आणि अक्का पोराला म्हणत, "तुझ्या बापाला सांग, भाकरी वाढलीय." साडू त्याच पोराला म्हणत, "तुझ्या आईला म्हणावं, आलो." पोरगं दोघांच्या मधे मान हलवत उभं. हायवेवर, पाटावर आणि माझ्यावर अखंड तोंडसुख घेणारा हा माणूस बायकोपुढं घुमा. आमची ही म्हणायची, "अक्काचं नशीब!"

पुढं मुलं मोठी झाली, हाताशी आली आणि दोन हजार सालानंतर राजुरीच्या घरापुढं जीप उभी राहिली. जीप घ्या म्हणून भाच्यांच्या मागं लागलेल्या आमच्या हिनं पेढे वाटले. त्या वर्षी यात्रेला मुलांनी आईला जीपमधे पुढं बसवलं. साडूंनाही बसा म्हणाले. साडू म्हणाले, "तुमी व्हा पुढं. मी येतो सरळ पाटानं," आणि रिकामं कॅरिअर घेऊन पहाटेच निघून गेले. जीप हायवेनं आली आणि सकाळच्या चहाच्या वेळेला महाळुंग्यात. अक्काचं पातळ चुरगळलेलं नाही, केसाला धूळ नाही. आमची ही जिंकल्यासारखी तिला ओट्यावर घेऊन बसली. म्हणाली, "काय अक्का, पाठ दुखली का आज?"

अक्का जराशा घुश्शातच होत्या. म्हणाल्या, "पाठ नाय दुखली. पोट दुखाया लागलं."

"का गं? जीप लागली का?"

"जीप कशानं लागतीय? वरीसभराचं बोलायचं पोटात साठवून ठिवलं व्हतं. घरात सासूबाई, रानात मजूर. बोलाया मिळायचं त्ये पाटावरच. आता जीपमधी पोरांदेखत काय बोलू? सगळं तसंच राह्यलं की पोटात." आणि मग बहिणीवरच उखडल्या. "लई मोठी आलीस जीप घ्यायला लावणारी! माहेर आलंबी कवा आन् गेलंबी कवा, कळायचं नाय आता."

आमची ही उठून पाणी आणायला आत गेली. वाद अर्धवट टाकून ती उठलेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. इतकी वर्षं आम्ही त्या कॅरिअरची कीव करत होतो आणि तिथं मागं बसलेली बाई दिवसभर तोंडभरून बोलत येत होती. सासूचं गाऱ्हाणं, जावांचा हिशेब, थोरल्याची शाळा, धाकट्याचा खोकला, सगळा संसार या दोघांनी त्या पाटावर केलेला. पुढं बसलेल्याला मागं वळून बघता येत नाही आणि मागं बसलेलीला पुढच्याचं तोंड दिसत नाही. तोंडं दिसत नसली की बोलायला बरं असतं, हे अक्कांनीच हिला नंतर कधीतरी सांगितलं.

साडू दिवेलागणीला पोचले. त्या दिवशी 'अरारारा' नाही, काही नाही. पाय धुऊन ओट्याच्या कडेला बसले. आत सासरे जागे होते, तेव्हा अक्का नवऱ्याशी कशा बोलणार? त्या आमच्या हिला म्हणाल्या, पण अशा आवाजात की पार गोठ्यापर्यंत ऐकू जावं, "तुझ्या दाजींना सांग गं, जाताना मी पाटानं जाणार हाय." मुलं एकदम उसळली. गुडघे धरलेत तुझे, आई! जीप दारात असताना तू सायकलवर? लोक तोंडात शेण घालतील आमच्या! साडू माझ्याकडं वळून म्हणाले, "पावणं, कॅरिअरचा नट जरा ढिला वाटतोय. पाना हाय का घरात?" मी पाना आणून दिला आणि कंदील धरून उभा राहिलो. नट ढिला नव्हता. तरी त्यांनी तो बराच वेळ आवळला.

यात्रा झाली, ती दोघं पहाटे निघून गेली आणि आम्ही मंचरला परतलो. उन्हं कलल्यावर राजुरीहून थोरल्याचा फोन आला, आई-दादांचा पत्ता नाही, आम्ही जीप काढतोय. आमची ही पुन्हा पहिल्या अवतारात गेली. "काढा स्कूटर! बसता काय? तिचे गुडघे आहेत का काय आहेत?" मी थोरल्याला म्हटलं, तू थांब, मी बघतो, आणि चडफडत निघालो. आळेफाट्यावरून वळलो, पुढं एका चारीच्या पुलावरून पाटावर चढलो आणि उलट्या दिशेनं त्यांना शोधत निघालो. मनातल्या मनात काय काय बोलायचं ते जुळवत होतो. या वयात! या गुडघ्यांनिशी! लोक काय म्हणतील! एका वळणावर ती दोघं लांबून दिसली.

ती सायकलवर नव्हती. अक्काला बसून बसून कळ लागली असणार. साडू हँडल धरून चालत होते, सायकलीच्या दुसऱ्या अंगानं अक्का कॅरिअरवर हात टेकून, जराशा लंगडत चालत होत्या. मधे सायकल. आणि दोघं कडाकडा भांडत होती. धाकट्याला नारायणगावची मुलगी करायची का नाही, यावर. "तुमाला कायबी कळत नाय," अक्का म्हणत होत्या. "मला नाय कळत? पोरीच्या आज्यापासनं वळखतो मी त्यांना!" "आज्याशी लगीन लावायचंय व्हय पोराचं?" यावर साडू जे हसले, ते हायवेवर, पाइपवाल्यावर किंवा माझ्यावर हसायचे तसलं नव्हतं. तसं त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. अक्काही पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मी स्कूटर बंद केली. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. अक्काला मागं बसवून अर्ध्या तासात घरी सोडता आलं असतं, आणि तेच करायला मी आलो होतो. पण पाय पुढं जाईना. स्कूटर तशीच ढकलत वळणाआड नेली, तिथं सुरू केली आणि आळेफाट्यावरून राजुरीला फोन केला. म्हटलं, येतायत, चालत येतायत, जीप काढू नका. थोरला माझ्यावर असा काही भडकला की नात्याचा मुलाहिजा राहिला नाही. घरी आल्यावर आमची हीही भडकली. "बहिणीला तसंच रस्त्यावर सोडून आलात? माणूस आहात का कोण?" माझ्यापाशी सांगण्यासारखं बरंच होतं, पण ते सांगितलं तर पुढच्या वर्षी सगळं गाव त्यांच्याकडं बघत बसेल असं मला वाटलं, म्हणून मी हिची बोलणी खाल्ली.

अक्का त्यानंतर पाटानं आल्या नाहीत. गुडघ्यांनी पुढच्या वर्षी सायकलवर चढूच दिलं नाही. साडू अजून एकटे येतात, उशिरा येतात, मी अजून त्यांच्यावर चिडतो. पण त्या संध्याकाळी पुढचं काहीच मला ठाऊक नव्हतं. मी वळणाआड उभा होतो, पाटाचं पाणी लालसर झालं होतं, त्या दोघांचं भांडण ऐकू येत होतं आणि राजुरी अजून दोन गावं लांब होती. चार असती तर बरं झालं असतं, असं मला फार वाटलं.